अभ्यासदौऱ्यातून काय आणावयाचे?

जून २०२५ मध्ये प्रादा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या. त्या कोठल्या, हे मात्र सांगितले नाही. त्यावरून गदारोळ उठला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले, कंपनीने या चपलांमागे भारतीय कारागिरीची प्रेरणा असल्याचे मान्य केले आणि जुलैमध्ये तिची माणसे कारागिरांचे काम पाहावयास कोल्हापुरात येऊन गेली. हे सर्व आपण वृत्तपत्रांतून वाचलेले आहे. आम्हांला त्यात दोन गोष्टी विशेष वाटल्या. एक म्हणजे, त्या पाहुण्यांचा तो अभ्यासदौराच होता. चामडे कसे कमावतात, तळ कसा शिवतात हे पाहण्यासाठी एवढी मोठी कंपनी आपल्या गल्ल्यांपर्यंत आली. दुसरी म्हणजे, २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन कागदावर होते, म्हणून आपल्याला ठामपणे बोलावयास जागा मिळाली. ते नसते तर आपण चिडलो असतो आणि विसरूनही गेलो असतो.

संघटनेच्या अलीकडच्या एका बैठकीत तरुण सभासदांनी जो विषय काढला, त्यामुळे हे आठवले. विद्यापीठांतील संशोधक नवोन्मेषाचे व्यवस्थापन शिकण्यासाठी परदेशी जातात, मग आयुर्वेदाच्या क्षेत्रातील मंडळींनी असा अभ्यासदौरा का काढू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ज्येष्ठांपैकी एकांनी तेथल्या तेथे सुनावले, “अहो, आयुर्वेद शिकायला जग आपल्याकडे येते, आपण तिकडे जाऊन काय शिकणार?” सभागृहात हशा पिकला व विषय पुढील बैठकीवर गेला. तो पुन्हा निघण्यापूर्वी आमचे मत येथे मांडत आहोत. जावे, असेच आम्हांला वाटते. परंतु काय आणावयास जायचे, हे येथून निघण्याआधी ठरले पाहिजे.

‘नवोन्मेषाचे व्यवस्थापन’ हा शब्द जड आहे, पण त्यातील विचार आपल्या चिकित्सालयात व औषधशाळेत रोज उपस्थित असतो. एखाद्याला काही सुचते. ते रुग्णाच्या हाती उपयोगी वस्तू म्हणून पोहोचेपर्यंत अनेक टप्पे असतात. कोणत्या टप्प्यावर कोणी काय करावयाचे, पैसा कोणी घालावयाचा आणि लाभ आला तर तो कसा वाटावयाचा, याची आखणी म्हणजे हे व्यवस्थापन. वैद्याला सुचते, औषधशाळेला बनविता येते. मधला रस्ता मात्र कोणाच्याच मालकीचा नाही.

परदेशातील अभ्यासदौरा कोल्हापूरला नवा नाही. १८७० साली छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) विलायतेस गेले, तेव्हा ते अवघ्या वीस वर्षांचे होते. परतीच्या वाटेवर त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. आर्नो नदीच्या काठी त्यांचे स्मारक आजही आहे. महाराज परतले नाहीत, पण त्यांनी प्रवासात लिहिलेली रोजनिशी परत आली व १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. म्हणूनच त्यांनी काय पाहिले हे आज आपणांस कळते. १९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त युरोपात गेले. त्याच वर्षी संस्थानाचे पाटबंधारे धोरण जाहीर झाले, १९०६ मध्ये शाहू मिलची स्थापना झाली, पुढे राधानगरीच्या धरणाचे काम उभे राहिले. या सर्वांचे श्रेय त्या एका दौऱ्यास देणे चुकीचे ठरेल; महाराजांच्या डोक्यात हे प्रश्न आधीपासून होते. पण डोक्यात प्रश्न घेऊन जाणाऱ्यालाच परदेशात काही दिसते, एवढे त्यावरून म्हणता येईल.

आजच्या काळातील जवळचे उदाहरण पाषाणचे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ डॉ. व्ही. प्रेमनाथ हे मुंबईच्या आय.आय.टी.चे पदवीधर असून त्यांनी अमेरिकेतील एम.आय.टी.तून डॉक्टरेट मिळविली. पॉलिमर हा त्यांचा विषय. पुढे ते चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर तंत्रज्ञान-उद्योजकता शिकण्यासाठी लंडन बिझनेस स्कूल व केंब्रिज येथे राहिले. म्हणजे रसायनशास्त्रात पारंगत असलेला मनुष्य दुसऱ्यांदा परदेशी गेला तो रसायनशास्त्रासाठी गेलाच नाही. प्रयोगशाळेतील शोध दाराबाहेर कसा काढावा, हे पाहण्यासाठी गेला. २००७ मध्ये प्रयोगशाळेच्याच आवारात ‘व्हेंचर सेंटर’ ही संस्था त्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. नव्या उद्योजकाला तेथे काम करण्यापुरती जागा मिळते, महागडी उपकरणे विकत न घेता शुल्क देऊन वापरता येतात, पेटंटविषयी सल्ला मिळतो आणि आधी ठेच लागलेल्या माणसांशी बोलता येते. केंद्र सरकारच्या ‘बायरॅक’ या जैवतंत्रज्ञान संस्थेतर्फे नवकल्पनेस पन्नास लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना आहे, त्यातही हे केंद्र भागीदार राहिले आहे. याच योजनेतील निवडक अनुदानप्राप्त मंडळींना केंब्रिज विद्यापीठाच्या ‘इग्नाइट’ या आठवडाभराच्या वर्गास पाठविण्याचा उपक्रमही ‘बायरॅक’ने राबविला.

केंब्रिजलाच का? तेथे १९७० मध्ये ट्रिनिटी कॉलेजने आपल्या जमिनीवर विज्ञान-उद्यान उभे केले आणि १९८७ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजने नवोन्मेष केंद्र काढले. शेकडो वर्षे जुन्या, परंपरेचा पीळ असलेल्या विद्यापीठाने हे केले. परंपरा आणि बाजार यांचे वैर असलेच पाहिजे असे मानणाऱ्या आपल्यांतील काहींनी हे ध्यानात घ्यावे. मात्र ही उद्याने पाहून, इमारतींची छायाचित्रे काढून परतलेल्या पाहुण्यांची जगात वाण नाही. आमच्या मते तेथे पाहण्यासारखी वस्तू म्हणजे एक साधे पत्रक आहे.

संशोधकाला काही नवे गवसले की तो विद्यापीठाच्या संबंधित कार्यालयाकडे हे पत्रक भरून देतो. त्यातील प्रश्न सोपे असतात. कल्पना काय आहे? कोणत्या दिवशी सुचली? कोणाकोणाचा हातभार आणि तो किती? पैसा कोठून आला? आजवर कोणापुढे बोललात, कोठे छापलेत? बस्स. हे पत्रक भरून झाल्यावरच पेटंटचा अर्ज करावयाचा की निबंध छापावयाचा, कोणा उद्योगाशी बोलावयाचे की नाही, याचा विचार सुरू होतो. क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे तो नेमका उलटा असतो: प्रथम बोलणे, मग बनविणे, मग भांडणे, आणि लिहिणे सर्वांत शेवटी किंवा कधीच नाही.

हे आम्ही दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. पदवीनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे पाददारीचे रुग्ण पुष्कळ येत. ऊसतोडणीचे मजूर, गुऱ्हाळघरावर चुलवाणापुढे उभे राहणारे कामगार, भातलावणीच्या चिखलात दिवसभर उभ्या असणाऱ्या बायका. तीळतेल, मेण आणि राळ यांचे परिचित मलम आम्ही देत असू. ते एप्रिलच्या उन्हात पातळ होई व डिसेंबरात डबीत दगडासारखे बसे. दोन वर्षे खटपट करून आम्ही मेणाचे प्रमाण, तेलात राळ सोडण्याची वेळ आणि गाळल्यानंतर मलम किती पाण्यांनी धुवावयाचे, हे बदलत बदलत बसविले. मलम टिकू लागले, भेगाही लवकर भरू लागल्या. उत्साहाच्या भरात आम्ही ते एका स्नेहसंमेलनात सर्वांपुढे सांगितले. वर्षभराने एका औषधशाळेचे तसेच मलम सुबक डबीत, स्वामित्व-औषधाच्या परवान्यावर बाजारात आले.

आम्हांला राग आला, हे लपवीत नाही. एका वकील मित्राकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तुम्ही हे प्रथम केव्हा बनवलंत ते दाखवा.” आम्ही जुनी रुग्णपत्रे काढली. प्रत्येकावर दोनच शब्द होते: ‘मलम दिले’. प्रमाण नाही, पाक नाही, तारीखवार फरक नाही, किती रुग्णांना उपयोग झाला व किती जणांना झाला नाही, याचा हिशेब नाही. औषधशाळेने कायद्याविरुद्ध काही केले नव्हते. भर सभेत सांगितलेली गोष्ट कोणीही बनवू शकतो. खरी हानी पुढे झाली. त्यांचे मलम पहिल्याच उन्हाळ्यात डब्यांतून पाझरले, दुकानदारांनी माल परत केला आणि दोन वर्षांत ते बंद पडले. धुण्याच्या वेळची पाण्याची उष्णता किती असावी, हे आम्ही सभेत सांगितले नव्हते. लपविले नव्हते, ते आमच्या हातांत होते, जिभेवर आले नाही इतकेच. त्यांच्याकडे यंत्रे होती, भांडवल होते, वितरण होते. आमच्याकडे ती एक उष्णता होती. दोघे एका टेबलाशी बसलो असतो तर गुऱ्हाळावरच्या माणसाला आज वीस-पंचवीस रुपयांत चांगली डबी मिळाली असती.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. चरकाचार्यांनी अर्थासाठी नव्हे तर भूतदयेपोटी चिकित्सा करणाऱ्यास श्रेष्ठ मानले, मग वैद्याने मालकीची भाषा का करावी? आमचे उत्तर असे की, नोंद करणे म्हणजे लपविणे नव्हे. नोंद झाल्यावर वैद्यापुढे दोन चांगले मार्ग उघडतात. रीतसर अर्ज करून हक्क घ्यावा, किंवा तारखेसह, प्रमाणांसह छापून ते सर्वांना खुले करावे. दुसरा मार्ग भूतदयेचाच आहे आणि तो दुबळा नाही. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले, हे आपण सर्व जाणतो. फेरतपासणीच्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. गोव्यातील माशेल गावी जन्मलेला, इंग्लंडमधील सॅल्फर्ड येथे शिकवून १९७६ मध्ये पाषाणच्या प्रयोगशाळेत परतलेला हा शास्त्रज्ञ. परदेशी पेटंटव्यवस्था कशी चालते हे त्यांना ठाऊक होते. परिषदेने फेरतपासणी मागितली व १९९७ मध्ये पेटंटमधील सर्व दावे रद्द झाले. आमच्या आजीची हळद तेथे साक्षीला चालली नाही. चालले ते छापील पुरावे. त्यांत जर्नल ऑफ इंडियन मेडिकल असोसिएशनमधील १९५३ चा एक लेखही होता. वाईट आहे तो तिसरा मार्ग, चहा घेता घेता सांगून टाकण्याचा. तो ना वैद्याचे हित करतो, ना रुग्णाचे.

औषधशाळांच्या मालकांनी कायद्याची मर्यादाही समजून घ्यावी. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ (पी) प्रमाणे पारंपरिक ज्ञान, अथवा परंपरेने ज्ञात घटकांच्या ज्ञात गुणांचे नुसते एकत्रीकरण, हे पेटंटयोग्य शोध मानले जात नाही. केवळ मिश्रणालाही कलम ३ (ई) आड येते. म्हणून ‘च्यवनप्राशात आम्ही दोन द्रव्ये वाढविली’ असे सांगत पेटंट कार्यालयात जाण्यात अर्थ नाही. नवी प्रक्रिया, टिकाऊपणाचा सुटलेला प्रश्न, नवे कल्पस्वरूप, घटकांच्या एकत्र येण्यातून सिद्ध झालेला अधिक परिणाम, येथे जागा आहे. कलम ३१ अन्वये विद्वत्सभेत स्वतः वाचलेल्या निबंधाला बारा महिन्यांची मुदत मिळते, पण युरोपात ती सवलत नाही. प्राथमिक विवरणासह अर्ज करून संपूर्ण विवरण बारा महिन्यांत देण्याची सोयही आहे. तेव्हा निबंध वाचण्याच्या आदल्या आठवड्यात अर्ज करणे, एवढीही शिस्त पुष्कळ झाली.

चीनचे उदाहरण आपल्याला अधिक बोलके वाटावे. तू यूयू या संशोधिकेने हिवतापावरील औषधासाठी जुने ग्रंथ चाळले. चौथ्या शतकातील गे हाँगच्या ग्रंथात ती वनस्पती उकळावयास सांगितलेली नव्हती. पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावयास सांगितले होते. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, असे त्यांना सुचले व १९७१ मध्ये कमी उष्णतेवर काढलेला अर्क यशस्वी ठरला. आपल्या भाषेत सांगावयाचे तर क्वाथ सोडून हिमाकडे गेल्याने काम झाले. २०१५ चे नोबेल पारितोषिक त्यातून आले. हे सर्वांना सांगितले जाते. पुढचे सांगितले जात नाही. १९७७ मध्ये हे संशोधन छापले गेले तेव्हा चीनमध्ये पेटंटचा कायदाच नव्हता, तो १९८५ पासून लागू झाला. ज्ञान जगाला मिळाले, हे उत्तमच झाले, पण मूळ शोधावर त्या देशाला हक्क सांगता आला नाही. चिनी संस्थांनी पुढे ही रीत शिकून घेतली आणि त्याच कुळातील संयुक्त औषधासाठी १९९० च्या दशकात स्विस कंपनीशी रीतसर करार केला.

हिश्श्याच्या प्रश्नाला परदेशी जाण्याचीही गरज नाही. केरळमधील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानाच्या शास्त्रज्ञांना १९८७ मध्ये अगस्त्य पर्वतावर काणी आदिवासींनी थकवा घालविणारी आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखविली. तिच्यापासून बनविलेल्या ‘जीवनी’चा परवाना कोइंबतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला दहा लाख रुपये व दोन टक्के स्वामित्वशुल्कावर देण्यात आला, आणि त्यातील निम्मा वाटा काणींना ठरला. पुढे त्या व्यवस्थेत अडचणी पुष्कळ आल्या. तरीही वाटा आधी ठरला होता, कागदावर होता.

आणखी एक. नोंद म्हणजे केवळ यशाची नोंद नव्हे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा, डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संधिवातात शुंठी, गुडूची, शल्लकी यांवर आधारित कल्पांची तुलना ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्याशी केली. ४४० रुग्ण, २४ आठवडे. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वेदनाशमनात आपली औषधे तुल्य ठरली. त्याच निबंधात काही रुग्णांत एस.जी.पी.टी. वाढल्याचेही स्पष्ट लिहिले आहे. ते वाक्य गाळले असते तर आपल्यांतील कित्येकांना बरे वाटले असते. त्या वाक्यामुळेच आम्ही उरलेल्या निबंधावर विश्वास ठेवतो.

आता दौऱ्याविषयी. आमच्या मते पहिला दौरा पाषाणचा असावा. रात्री गाडीत बसले की सकाळी पुणे. दोन दिवसांचे काम, खर्च नाममात्र. आपल्या विद्यापीठाचे पदार्थविज्ञान व रसायनशास्त्राचे कितीतरी संशोधक दक्षिण कोरियात राहून आलेले आहेत. त्यांच्यापैकी दोघा-तिघांना बैठकीस बोलावून तेथील प्रयोगशाळेची वही कशी लिहितात, पाने कोण तपासतो, सही कोणाची असते, एवढेच विचारावे. त्यानंतर परदेशाचा विचार. जाणाऱ्यांची निवड जोडीने व्हावी: एक वैद्य आणि एक औषधशाळेचा मालक किंवा उत्पादनप्रमुख. एकटा वैद्य गेला तर व्याख्यान घेऊन येईल, एकटा मालक गेला तर यंत्राचे दरपत्रक. जोडीने आपला एक अडलेला प्रश्न लेखी सोबत न्यावा, आणि त्यातून काही निष्पन्न झाले तर उभयतांचा वाटा किती, हे मुंबईचे विमान पकडण्यापूर्वी साध्या कागदावर लिहून सह्या कराव्यात. निम्मा खर्च त्यांनी स्वतः करावा. फुकटच्या दौऱ्याचे काय होते, हे सांगण्याची गरज नाही.

बैठकीतील त्या ज्येष्ठांना आम्ही नंतर भेटलो. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांच्या हातची मोडी लिपीतील एक वही आहे. घृतांचे पाक, लाकूड कोणते जाळले, पावसाळ्यात किती वेळ अधिक लागला, सारे तारखेसह. त्यांनी ती आम्हांला पाहू दिली व आपणहून म्हणाले, “दौऱ्याला माझा विरोध नाही, पण जाणाऱ्याला आधी ही वाचायला लावा.” मोडी वाचणारा माणूस आम्ही शोधत आहोत, कोणा वाचकास येत असल्यास संघटनेच्या कार्यालयात कळवावे.

भेगांचे ते मलम आम्ही पुन्हा हाती घेतले आहे, या वेळी एका औषधशाळेबरोबर, आधी लिहून आणि सह्या करून. आजवर तीन घाण झाले, दोन नीट उतरले व एक बिघडला. तिघांचीही पाने वहीत आहेत. एप्रिलमध्ये पत्र्याच्या छपराखाली डब्या ठेवून पाहावयाच्या आहेत.